डोक्यामागचं हाड

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी शेतात माझ्या सख्ख्या भावानं मला हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हा उत्तर द्यायला मला वेळ लागला होता.

बावीस वर्षं झाली, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात परिचर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर माझ्याकडे हाडांच्या पेट्या असतात. तासाच्या आधी त्या उघडायच्या, हाडं टेबलावर मांडायची, तास संपला की एकेक परत घ्यायचं, पुसायचं, जागेवर ठेवायचं. मुलं मला मामा म्हणतात. बारावी झाल्यावर ही नोकरी लागली तेव्हा पहिला महिनाभर त्या हातानं मला घास जात नव्हता. पुढं सवय झाली. आमच्या मॅडम दर वर्षी तेच धडे त्याच क्रमानं शिकवतात, आणि मी दाराजवळच्या स्टुलावर बसून ते ऐकत असतो. त्यामुळे परीक्षा न देता मला बरंचसं पाठ झालं आहे.

कवटीच्या मागच्या हाडाचा तास पावसाळा संपता संपता येतो. मराठी पुस्तकात त्याला पश्चकपालास्थी असं लांबलचक नाव आहे, मुलं ऑक्सिपिटल म्हणतात. पसरलेल्या तळहातावर मावतं, शिंपल्यासारखं वाकलेलं. बाहेरच्या बाजूनं मधोमध एक उंचवटा असतो. मानेच्या खोबणीतून बोट वर नेलं तर तो कुणालाही लागतो. मानेचे मोठे स्नायू तिथंच धरून असतात. आतून पाहिलं तर चार खळगे. वरच्या दोनांत मेंदूचा तो भाग बसतो ज्यानं आपल्याला दिसतं. खालच्या दोनांत लहान मेंदू, म्हणजे चालण्या-उठण्याचा तोल. खालच्या खळग्यांत हाड इतकं पातळ असतं की खिडकीकडे धरलं तर उजेड पार येतो. नवीन मुलं आली की मी मुद्दाम त्यांना तसं धरून दाखवतो. आणि अगदी तळाशी एक मोठं भोक, माझा अंगठा सहज आरपार जातो. त्या भोकातून मेंदूचा देठ खाली मणक्यांत उतरतो. भोकाच्या दोन्ही अंगांना दोन गुळगुळीत उंचवटे असतात, ते मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकलेले. ‘होकार देताना डोकं इथं हलतं,’ असं मॅडम सांगतात, आणि सगळा वर्ग मान हलवून बघतो. मग त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, ‘इथं जे काही होतं, ते श्वासाला लागतं.’

हे वाक्य मी बावीस वेळा ऐकलं असेल. कधी भीती वाटली नव्हती.

आमचं गाव अंबडच्या पलीकडं आहे. शेती थोरला भाऊ बघतो. घरात लहानमोठे सगळे त्याला भाऊच म्हणतात, माझी बायकोसुद्धा. आम्ही नवरा-बायको जालन्यात राहतो, पण सुगीला सुट्टी टाकून गावी जातो. त्या वर्षी दसऱ्यानंतर सोयाबीनचं खळं झालं आणि पोती ट्रॉलीत भरायचं काम चालू होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चांगलंच तापलं होतं. भाऊ ट्रॅक्टरवर बसला होता. बायको ट्रॉलीत उभी राहून पोती नीट लावत होती. वहिनी आखाड्यावर, म्हणजे आमच्या शेतातल्या घरापाशी, चहा ठेवत होती. मी ट्रॉलीच्या मागं होतो. मागचा फाळका, म्हणजे ट्रॉलीची पाठीमागची फळी, लावायचा होता आणि त्याची पिन वाकडी झालेली. ती काही केल्या भोकात बसेना. दोनदा दगडानं ठोकली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा मी मान वर न करताच ओरडलो, ‘चला!’

मला वाटलं होतं ती खाली बसली असेल. वाटलं होतं, एवढंच. बघितलं नव्हतं.

भावानं क्लच सोडला. ट्रॉलीला हिसका बसला आणि बायको उभीच्या उभी मागं आली, फाळक्यावरून, माझ्या डाव्या खांद्याला तिचा पाय घासून गेला. खळ्याची जमीन आम्ही पाणी मारून, चोपून टणक केली होती. तिचं डोकं आधी टेकलं. आवाज फार मोठा झाला नाही. त्या आवाजानंतर ती ओरडली नाही.

मी गुडघ्यावर बसलो. तिचे डोळे मिटलेले होते, तोंड थोडं उघडं. छाती हलत होती. मी तिच्या मानेखाली हात घातला नाही, बोटं फक्त केसांत सरकवली. अंबाड्याच्या वरच्या बाजूला ओलं आणि गरम लागलं, आणि त्याखाली मऊ. ज्या ठिकाणी कठीण लागायला हवं तिथं मऊ. बावीस वर्षं मी ते हाड पुसलं होतं, पण ते कोरडं असायचं, गार असायचं, कुणाचं नसायचं. मी हात मागं घेतला. खिडकीकडे धरल्यावर त्यातून येणारा उजेड माझ्या डोळ्यांपुढं आला आणि जाईच ना.

तोवर भाऊ ट्रॅक्टर बंद करून धावत आला. वहिनी तांब्या घेऊन आली.

‘उठव तिला! बसती कर, बसती कर,’ भाऊ म्हणाला आणि तिच्या काखेत हात घालायला वाकला.

‘हात लावू नका, भाऊ.’

‘अरे, असं उताणं कसं ठिवायचं? पाणी पाजा तिला जल्दी.’

‘पाणी न्हाई द्यायचं. मान हलू द्यायची न्हाई.’

‘तू काय डॉक्टर हाइस का?’

तो रागानं बोलला नव्हता. घाबरला होता. पण मी चूक असलो तर? ती अशीच पडून राहिल्यानं काही झालं तर? मॅडमच्या तासाला मी दाराजवळ बसतो, मध्येच कुणी बोलावलं की उठून जातो, अर्धं ऐकतो. त्या अर्ध्या ऐकलेल्याच्या जिवावर मी माझ्या बायकोला उन्हात जमिनीवर ठेवत होतो. तरी मी तिच्या डोक्याच्या मागं बसलो, दोन्ही तळहात तिच्या कानांवर ठेवले आणि म्हणालो, ‘न्हाई, मी डॉक्टर न्हाई. पण ही मान हलली तर ती जाईल, भाऊ. मला एवढं बराबर माहीत हाय.’

भावानं हात काढून घेतले.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. मी तिच्यावर वाकलेलो होतो, ऊन सरळ तिच्या तोंडावर पडत होतं. तिनं पापणी हलवली आणि म्हणाली, ‘दिवस बुडाला का?’

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘सकाळ हाय अजून.’

‘मंग अंधार काहून झाला?’

मी एक हात सोडला आणि तिच्या डोळ्यांसमोरून नेला. डोळे हलले नाहीत. वरचे दोन खळगे. ज्यानं दिसतं तो भाग. मी तो हात परत तिच्या कानावर नेऊन ठेवला.

‘हाताची बोटं हलव,’ मी म्हणालो. तिनं हलवली. ‘पायाची?’ उजव्या पायाची हलली. डावी हलायला वेळ लागला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. हलली.

मग तिला ओकारी आली. त्यानं मी सगळ्यात जास्त भ्यालो. उताणं ठेवलं तर श्वासात जाणार, कुशीवर वळवलं तर मान फिरणार. मॅडम मुलांना एकदा म्हणाल्या होत्या की अशा माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं अख्खं वळवायचं, डोकं, खांदे आणि कंबर एकाच वेळी. मी भावाला म्हणालो, ‘तुम्ही खांदा आन् कंबर धरा. मी डोकं धरतो. मी तीन म्हणलं की सगळे बरोबर वळवू.’ वहिनीनं पाय धरले. आम्ही तिला वळवलं. ती ओकली. वहिनीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. परत तसंच उताणं केलं. भाऊ आता काही विचारत नव्हता, मी म्हणेन ते करत होता, आणि त्याचीही मला भीती वाटायला लागली होती.

उरलेली पोती नेण्यासाठी शेजारी त्याचं पिकअप घेऊन तेवढ्यात पोचला. तिला न्यायला भाऊ बाज घेऊन आला. पण बाजेला झोळ पडतो. मी म्हणालो, ‘दार काढा.’ आखाड्याचं लाकडी दार होतं, भावानं पहारीनं बिजागऱ्या उखडल्या. वहिनीनं त्यावर गोधडी अंथरली आणि मघासारखंच अख्खं वळवून आम्ही तिला दारावर घेतलं. दोन कापडी पिशव्यांत सोयाबीन भरून त्यांची तोंडं बांधली आणि तिच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना लावली. कपाळावरून उपरणं घेऊन दाराला बांधलं. चौघांनी दार उचलून पिकअपमध्ये ठेवलं. मी तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलो, वहिनी पायाशी. भाऊ पुढं चालवणाऱ्याजवळ.

गावापासून अंबडचा रस्ता मला पाठ आहे. कुठं खड्डा, कुठं पुलावर उसळी, सगळं. त्या दिवशी तो प्रत्येक खड्डा मी आधी ओळखला आणि आधी भ्यालो. उसळी यायच्या आधी मी तळहात घट्ट करायचो, मग वाटायचं जास्त दाबलं का, मग सैल करायचो. भाऊ काचेतून मागं बघायचा. मी मानेनं सांगायचो, आहे, आहे.

‘मी कुठं हाय?’ ती विचारायची.

‘गाडीत. अंबडला चाललोत.’

‘काय झालं?’

‘पडलीस तू. काही न्हाई, दवाखान्यात चाललोत.’

‘बरं.’ आणि जरा वेळानं पुन्हा, ‘मी कुठं हाय?’

किती वेळा विचारलं असेल! प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारतेय असा तिचा आवाज. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. मधूनच ती गप्प झाली की मी तिची छाती बघायचो. वर गेली, खाली आली. एकदा खाली आल्यावर वर जायला उशीर झाला. तेवढ्यात मॅडमचं ते वाक्य आठवलं आणि मी मोठ्यानं तिचं नाव घेतलं. आमच्याकडं नवरा बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत नाही. वहिनीनं दचकून वर पाहिलं. बायको म्हणाली, ‘काय वो?’ मी म्हणालो, ‘काही न्हाई.’

अंबडला दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याला कडक पट्टा बसवला, सलाइन लावलं, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिली आणि म्हणाले, ‘इथं थांबू नका. जालन्याला न्या, डोक्याचा स्कॅन लागेल.’ दाराकडं आणि सोयाबीनच्या पिशव्यांकडं बघून त्यांनी विचारलं, ‘हे कुणी केलं?’ मला वाटलं ते रागावणार. ते म्हणाले, ‘बरं केलं,’ आणि पुढं निघून गेले. तिथून आम्हाला अँब्युलन्स मिळाली.

जालन्यात स्कॅनच्या खोलीचं दार बंद झालं तेव्हा पहिल्यांदा माझे हात रिकामे झाले. मी ते मांड्यांखाली दाबून बाकावर बसलो. भाऊ समोर फरशीवर बसला होता, दोन्ही हात डोक्यावर.

‘माझ्या हातानं झालं,’ तो म्हणाला. ‘मागं वळून बघायला काय झाल्तं मला? माझ्या हातानं झालं रे.’

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ‘चला’ ऐकलं होतं. पण तो ते विसरला होता, किंवा त्याला वाटत होतं की ऐकूनही आपण बघायला हवं होतं. मला बोलता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं: भाऊ, मी चला म्हणलो. पण ती आत होती आणि जर ती बाहेर आलीच नाही, तर ते वाक्य मला जन्मभर सगळ्या घरासमोर घेऊन हिंडावं लागलं असतं. मी भ्यालो. मी म्हणालो, ‘असू द्या, भाऊ. व्हायचं ते झालं.’

हे मी बोललो. ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि माझ्यासमोर थांबला. ‘मामा? तुम्ही इथं?’ आमच्याच विभागात शिकून गेलेला मुलगा होता तो. पहिल्या वर्षाला असताना हाड हातातून पाडलं म्हणून रडवेला झाला होता, ते मला आठवलं. मी उठलो. त्यानं मला धरून आत नेलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं.

‘हाड ओळखलंत ना?’ तो हलक्या आवाजात म्हणाला.

ओळखलं. न ओळखून कसं चालेल! उंचवट्याच्या जरा डावीकडून एक बारीक काळी रेघ निघाली होती. ती खाली येत होती, खालच्या पातळ खळग्यातून, तिरपी, भोकाच्या दिशेनं. मी तिच्यामागं डोळे नेत गेलो.

‘कुठपर्यंत गेलीय?’ मी विचारलं.

त्यानं बोट ठेवलं. ‘इथं थांबलीय. कडेच्या अलीकडं. हाड आत दबलेलं नाही, हाताला मऊ लागलं असेल ते कातडीखाली साठलेलं रक्त. मानेचे मणके चांगले आहेत.’

भोकाची कड आणि त्या रेघेचं टोक यांच्यात जेमतेम बोटभर जागा होती. पडद्यावरची बोटभर, म्हणजे खरी त्याहून कमीच. मी त्या जागेकडं बघत उभा राहिलो. गाडीतला प्रत्येक खड्डा मला त्या जागेत दिसायला लागला.

‘आता मोठ्या सरांनी बघितलंय,’ तो म्हणाला. ‘ऑपरेशन आत्ता तरी लागणार नाही. पण मामा, मार मागं बसला तरी मेंदू पुढच्या बाजूला जाऊन आपटतो. पुढं सूज आहे, थोडं रक्तही आहे. तीन दिवस काही सांगता येणार नाही.’

‘तिला दिसत न्हाई.’

‘ते बहुतेक येईल परत,’ तो म्हणाला. ‘बहुतेक’ हा शब्द त्यानं जपून उच्चारला, आणि शिकवलेलं किती नीट लक्षात आहे त्याच्या, असं काहीतरी भलतंच माझ्या मनात आलं.

संध्याकाळच्या आधी मला दोन मिनिटं तिच्याजवळ जाऊ दिलं. डोक्याला पट्टी, गळ्याला पट्टा, नाकाला नळी. मी बोललो नाही. नुसता पलंगाच्या कडेशी उभा राहिलो. तिचे डोळे उघडे होते आणि ते माझ्या छातीवर थांबले.

‘तुमच्या शर्टाला काय लागलंय?’ ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. रक्त वाळून काळं झालं होतं. नर्सबाईंनी मला बाहेर आणलं. वहिनीला मी सांगितलं, ‘तिला दिसून राह्यलंय,’ आणि मग तिथंच भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो.

ते तीन दिवस, आणि त्यानंतरचे दहा, मी फार तपशिलात लिहीत नाही. पुण्याहून मुलगी आली. ती कामाला असते तिकडं. ती आल्यावर मला जरा टेकता आलं. बायकोचं डोकं दुखायचं, उजेड सहन व्हायचा नाही, उठून बसवलं की सगळं गरगर फिरायचं. पण सूज उतरत गेली. पंधराव्या दिवशी घरी सोडलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात उभी राहिली. मी बाहेरच्या खोलीत होतो. करपल्याचा वास आला, दाट, घशाला लागणारा. मी आत धावलो. पातेल्यातली डाळ तळाला काळी झाली होती, धूर निघत होता, आणि ती दोन पावलांवर उभी राहून शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

‘अगं, जळतंय!’

तिनं पाहिलं, गॅस बंद केला. मग पातेल्यावर वाकून तिनं नाकानं श्वास घेतला. पुन्हा घेतला. हातातली कोथिंबीर चुरगाळून नाकाशी नेली. तिच्या चेहऱ्यावरचे भाव बदलत गेले ते मी बघत होतो.

‘काहीच येत न्हाई,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं सर्दी हाय.’

डॉक्टरकडं गेलो तेव्हा कळलं. नाकाच्या वर कवटीत एक चाळणीसारखं हाड असतं. वासाचे धागे त्याच्या बारीक छिद्रांतून मेंदूत जातात. मागून मार बसला, मेंदू पुढं सरकला आणि ते धागे तुटले. ते हाडही माझ्या पेटीत आहे. इतकं नाजूक की मी ते कापसात ठेवतो आणि मुलांच्या हातात सहसा देत नाही. श्वास गेला नाही, नजर गेली नाही, हातपाय गेले नाहीत. ज्या ज्या गोष्टींना मी भ्यालो होतो त्यांतलं काही झालं नाही. जे झालं त्याचा मी विचारही केला नव्हता. ‘येईल का परत?’ तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, काहींना थोडा येतो, काहींना नाही, वाट बघायची.

त्याच आठवड्यात मी तिला सांगितलं. दुपार होती. ती खिडकीशी बसून मेथी निवडत होती. पडण्याच्या आधीचं तिला काहीच आठवत नव्हतं, सकाळचा चहासुद्धा नाही. मी सांगितलं नसतं तर तिला कधी कळलं नसतं. हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मला झोप लागत नव्हती.

‘भाऊनं आपणहून ट्रॅक्टर चालू केला न्हाई,’ मी म्हणालो. ‘मी चला म्हणलो. तू बसलीस का उभी हाइस, ते बघितलं न्हाई.’

तिचे हात थांबले. मला वाटलं रडेल, किंवा बोलेल काही लागेल असं. ती म्हणाली, ‘भाऊला सांगितलं का?’

‘न्हाई.’

‘ते माझ्यासमोर येऊन नीट बसले न्हाईत अजून. दवाखान्यात आले तर दारातूनच बघून जायचे. मला वाटलं माझी अवस्था बघवत न्हाई म्हणून.’ ती थांबली. ‘महिना होत आला. तुम्ही एवढे दिवस त्यान्ला असं राहू दिलं?’

‘भ्यालो होतो.’

‘मला सांगायला भ्यालात, ते समजलं. त्यान्ला सांगायला काय झाल्तं?’

ती उठली आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, ‘आज कामावर जाऊ नका. गावाकडं जाऊन या.’

अंबडपर्यंत बसनं गेलो, पुढं एकाच्या मोटारसायकलवर. शेतात हरभरा उगवून वर आला होता. वहिनीनं सांगितलं की पेरणी शेजाऱ्याला बोलावून करून घेतली. भावानं त्या दिवसापासून ट्रॅक्टरला हात लावला नव्हता. तो विहिरीपाशी पाइप जोडत बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. पिनेचं, दगडाचं, मान वर न केल्याचं, ‘चला’चं. आणि स्कॅनच्या खोलीबाहेर मी गप्प राहिलो तेही.

त्यानं पाइप खाली ठेवला. ‘तू म्हणल्तास का?’

‘हो.’

‘मला वाटायचं मी ऐकलं, पुन्हा वाटायचं भास झाला. कुणाला इचारू?’ तो हरभऱ्याकडं बघत म्हणाला. ‘जेवायला बसलं की तिचं डोकं दिसायचं मला. तू समोर बसलेला हुतास रे तिथं, बाकावर. मी खाली बसल्तो. एक शब्द बोलायचा.’

‘भाऊ, मी लय भ्यालो होतो.’

‘मी न्हाई भ्यालो का?’

तो उठला आणि बांधानं चालत गेला. जेवायला आला नाही. मी दुपारी परत निघालो तेव्हा वहिनी म्हणाली, ‘जरा येळ जाऊ द्या.’

वेळ गेला. नाताळच्या सुट्टीत तो आला नाही, वहिनी आणि पोरं आली. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस फोन न करता तो आमच्या दारात उभा राहिला. हातात शेतातल्या हुरड्याची पिशवी. माझ्याकडं मान हलवली आणि सरळ आत जाऊन बायकोच्या समोर बसला, अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा.

‘कसं हाय डोकं?’ त्यानं विचारलं.

‘बरं हाय, भाऊ.’

‘दाखव.’

तिनं पदर मागं घेतला आणि मान खाली केली. टाक्यांसाठी काढलेले केस परत उगवले होते. भावानं बोटांनी हळूच चाचपलं. तिथं आता कठीण लागतं, मला माहीत आहे. मीही रोज ती झोपल्यावर हळूच चाचपून बघत असतो. ‘लागतं का दाबलं की?’ त्यानं विचारलं. ती म्हणाली, ‘न्हाई.’ मग ती उठून चहा ठेवायला गेली. जाताना तो माझ्याशी बोलला. ट्रॅक्टरच्या बॅटरीबद्दल बोलला, उतरली होती म्हणे, बसून बसून. आमचं अजून पूर्वीसारखं नाही. पण बोलणं आहे.

तिला वास परत येऊ लागला नाही. मध्ये एकदा पेट्रोल पंपावर तिला काहीतरी आलं, पण ते पेट्रोलसारखं नव्हतं, कसलं तरी कडू, आणि तेही गेलं. मुलीनं पुण्याहून गॅस गळाला की वाजणारं यंत्र आणून भिंतीला लावलं आहे. त्याच्यावर माझा भरवसा नाही. सकाळी घरातून निघताना मी रेग्युलेटर बघतो, जिना उतरून परत वर येऊन बघतो, आणि अकरा वाजता विभागातून फोन करतो. ‘बंद हाय हो, बंद हाय,’ ती चिडून म्हणते, आणि मी पेट्या उघडायला जातो.

संध्याकाळी मी घरी आलो की ती दुधाचं पातेलं माझ्यापुढं धरते. भाजी, कालची पोळी, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, सगळं. ‘बघा बरं, हे चांगलं हाय का?’ मी वाकून वास घेतो आणि सांगतो. ती मी सांगेन ते खरं धरते आणि कामाला लागते.